तीन वाघांच्या बदल्यात

चुडाव्याच्या स्टेशनापासून दोन कोसांवर आमचं गाव. गावातलं किराणा दुकान आमचं होतं, त्यामुळे चौथीच्या वर्गात माझा रुबाब होता. तो अभ्यासाचा नव्हता, काडीपेट्यांचा होता.

आम्ही मुली काडीपेटीवरची चित्रं जमवायचो, पण फक्त जनावरांची. किल्ली, जहाज, कमळ असली चित्रं आम्ही लहान पोरांना देऊन टाकायचो. जनावराचं चित्र पाण्यात भिजवून अलगद सोडवायचं, वाळवायचं आणि जुन्या वहीच्या पानांत ठेवायचं. त्या वहीला आम्ही गोठा म्हणायचो. मधल्या सुट्टीत शाळेमागच्या कडुलिंबाखाली सगळे गोठे उघडायचे. मग चारा घालायचा, म्हणजे गवताची काडी पानात सरकवायची, आणि ओलं बोट टेकवून पाणी पाजायचं. एखादीचं जनावर उपाशी राहिलं तर बाकीच्या तिच्यावर खरोखर चिडायच्या. त्यानंतर अदलाबदल. एका मोराला दोन हरणं, एका हत्तीला दोन मोर. हा भाव आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलाय, असं मी कुणालाही सांगितलं असतं. खरं तर तो मीच ठरवायचे.

आमच्यातली एक मुलगी गावाच्या खालच्या अंगाला राहायची. तिचे वडील रेल्वेत गँगमन होते. गाडीतून लोकांनी फेकलेल्या रिकाम्या काडीपेट्या रुळाकडेला पडलेल्या असत, त्या ते लेकीसाठी खिशात घालून आणत. त्यामुळे आमच्या मुलखात कधी न येणारी चित्रं तिच्याकडे असायची. तिला आम्ही रोज खेळायला घ्यायचो असं नाही. मर्जी असली तर घ्यायचो. घेतलं तरी ती जरा अंतर ठेवून बसायची. ते अंतर तिला कुणी शिकवलं, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

एक दिवस तिनं जिराफ आणला. पिवळ्या कागदावर तपकिरी ठिपक्यांचा, मान इतकी लांब की डोकं चौकटीला टेकलेलं. असं जनावर आम्ही कुणीच पाहिलं नव्हतं. तिच्या वडिलांनी तिला त्याचं नाव आणि खाणं दोन्ही सांगितलं होतं, म्हणून ती त्याला गवत घालायची नाही. लिंबाची कोवळी पानं तोडून आणायची. सगळ्या मुली चार दिवस तिच्याभोवती गोळा झाल्या. माझ्या दोन्ही हत्तींकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. मला ते सहन होईना.

दुकानात त्या महिन्यात एकच छाप आली होती, वाघाची. बंडलंच्या बंडलं. पण मुलींच्या गोठ्यांत अजून दोन-तीनच वाघ दिसले होते. मी तिला बाजूला घेतलं आणि सांगितलं की हे जनावर खोटं आहे, छापणाऱ्याच्या हातून उंटाची मान लांबली आहे. वाघ म्हणजे राजा, तो सहसा मिळत नाही, तरी तुझ्यासाठी मी तीन देते. तिनं वही छातीशी धरली, म्हणून मी आणखी एक थाप मारली. गुरुजीच म्हणाले, असं जनावर पुस्तकात नाही.

"गुरुजी म्हणाले?" तिनं विचारलं.

"हो."

तिनं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग वहीतून जिराफ काढून माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, "याला गवत चालत न्हाई. पाला दे."

घरी हे सांगितलं तेव्हा वडील खूश झाले. पोरीला सौदा कळतो, असं त्यांनी दोन-तीन गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगितलं. आमचं घर शिवभक्तांचं. सकाळी गळ्यातल्या लिंगाची पूजा झाल्याशिवाय वडील दुकान उघडत नसत, आणि पूजेनंतर जी वचनं म्हणत, त्यांत सगळी माणसं सारखी आहेत असं वारंवार यायचं. ती वचनं मलाही पाठ होती.

सौद्यानंतर पाचव्या दिवशी ती मीठ घ्यायला दुकानात आली. पायरीखाली उभी राहिली. वडिलांच्या मागं फळीवर वाघांची बंडलं आढ्यापर्यंत रचलेली होती. तिनं ती पाहिली. मी पोत्यावर बसले होते, मी मान खाली घातली. ती मीठ घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी ती भांडेल म्हणून मी उत्तरं तयार करून ठेवली होती. ती भांडली नाही. लिंबाखाली बसून आपल्या तीन वाघांना चारा घालत राहिली.

त्यानंतर मला तो जिराफ बघवेना. लिंबाची पानं तोडायला हात वर केला की ती बघते आहे असं वाटायचं. मग मी त्याला पाला घालणंच सोडलं. वही फडताळात कपड्यांखाली सरकवून दिली. आठ-दहा दिवस असे काढले आणि शेवटी वापस देऊन टाकायचं ठरवलं. पण त्याच दिवसांत विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला. दुकानात माणसं हळू आवाजात बोलायला लागली, वडील दुपारीच दुकान बंद करायला लागले. शाळा उघडली तेव्हा खालच्या अंगाची मुलं आलीच नाहीत. तिच्या वडिलांनी घर हलवून स्टेशनाजवळच्या क्वार्टरात नेलं होतं. आमच्या गावात काहीच झालं नाही, असं आमच्या घरात आजही सांगतात. काहीच झालं नव्हतं तर सात-आठ घरं का उठून गेली, हे कुणी सांगत नाही.

चौदा वर्षांनी मी परभणीत लेकीला सुई टोचायला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले, तर समोर नर्स म्हणून ती. तिनंच मला ओळखलं. आईवडील कसे आहेत, दुकान चालतं का, विचारलं. मला राहवलं नाही. मी तिथंच, लेक मांडीवर असताना, सगळं सांगून टाकलं. गुरुजी काही म्हणाले नव्हते. वाघांची दुकानात रास पडली होती. मी तुला फसवलं, मला माफ कर.

ती कापूस ओला करत होती. "मला ठाऊक होतं की," ती म्हणाली. "काडीपेटी आमच्या घरी तुमच्याच दुकानातून यायची. घरात चार वाघ पडले होते माझ्याकडं."

"मग दिलास कशाला?"

"नसता दिला, तर दुसऱ्या दिवशी खेळायला घेतलं असतं का तुमी?"

तिच्या आवाजात राग नव्हता. इतकी वर्षं मी एका भोळ्या मुलीला फसवल्याचं ओझं वाहत होते, आणि त्यात आपण किती हुशार होतो याचा चोरटा अभिमानही होता. ती भोळी नव्हतीच. लिंबाखालच्या जागेची किंमत तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होती, आणि ती तिनं चुकती केली होती.

तिनं लेकीच्या मांडीला सुई टोचली, रडणाऱ्या पोरीला जीभ टाळ्याला लावून टकटक करून हसवलं. मी म्हणाले, घरी ये, एकदा निवांत बोलू. ती म्हणाली, येते की, पत्ता सांग. मी गल्लीचं नाव सांगितलं. पुढं घराची खूण सांगायला तोंड उघडलं आणि मला सासूबाई आठवल्या, त्यांचं स्वयंपाकघर आठवलं, पाण्याचा माठ आठवला.

"खूण काय?" तिनं विचारलं.

"विचारलंस की कुणीही सांगेल," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, बरं म्हणाली आणि पुढच्या बाईला आत बोलावलं.

ती आली नाही. पुढचे कितीतरी रविवार दारावर थाप पडली की मी आधी माठाकडे पाहायचे, आणि दारात दुसरंच कुणी दिसलं की जीव भांड्यात पडायचा.