शेंदराखालचा डोळा

आमचे धनी सहादेव, भैरोबाचे गुरव. मानूस लई भित्रा. कुत्रं भुकलं तरी माझ्या मागं दडायचे, आन् देवाम्होरं मातर असा आवाज काढायचे की जनू भैरोबा ह्यांचा सख्खा भाऊ! पाथर्डीकडच्या आमच्या गावात पोटाला तेवढी गुरवकीच हुती.

देऊळ झाडायला चांगुणा यायची. तिचा नवरा गोरक्षनाथ पलटनीत भरती हून लढाईवर गेला, त्यो तिकडंच ऱ्हायला. लेकरूबाळ न्हाई. मी म्हनायचे, "बाई, तुला रडू कसं येत न्हाई गं?" तर म्हनायची, "येतंय की वैनी. देवाम्होरं रडते, मंग झाडते."

एका सकाळी देवाचा चांदीचा डोळा गायब! गावभर नुसता गलका. गाभाऱ्यात जानारी मानसं दोनच, आमचे धनी आन् चांगुणा. पाटील म्हनले, देवालाच इचारा, कौल लावा. कौल म्हंजी देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओली पाकळी चिकटवायची. उजवी पाकळी चांगुणाची, डावी गुरवाची. ज्याची आदी पडंल त्यो चोर. आन् पाकळ्या चिकटवनार कोन? गुरवच! ज्याच्यावर आळ त्याच्याच हातात कौल, हे कुनाच्या डोस्क्यात आलं न्हाई. माझ्याबी न्हाई.

उजवी पडली.

चांगुणाला वाळीत टाकलं. हिरीचं पानी बंद, बोलनं बंद, देवळाची पायरी बंद. वढ्यात झिरा उकरून ती पानी भरायची. आन् रोज सकाळी देवळाच्या कुडाभायेर हुबी राहून हात जोडायची. एकदा कुनी न्हाई बघून मी इचारलं, "देवानं तुझं नाव घेतलं, आन् त्यालाच हात जोडतीस व्हय?"

"म्या चोरलं न्हाई हे त्याला ठावं हाय," ती म्हनली. "तरी नाव घेतलं. म्हंजी त्याच्या मनात काय तरी असंल. मला कळंना, वैनी. पन त्याला तर कळतंय न्हवं?"

मला वाटलं, काय निगरगट्ट बाई हाय!

लढाई संपली. त्याच्या फुडच्या चैतात जत्रेआदी आमी दोघं देवाला शेंदूर चढवत हुतो. वर्सानुवर्सं शेंदूर फासून देवाच्या अंगावर भाकरीसारखा जाड थर झालेला. त्यो एकाएकी सुटला आन् धाडकन खाली आला. फुटलेल्या खपलीत काय तरी चमकलं. देवाचा डोळा! उन्हाळ्यात मेन पघळून त्यो खाली घसरलेला, आन् राकेल मिळंना म्हनून अंधारात चाचपडत ह्यांनीच वरनं शेंदूर फासलेला.

"अवो, घावला की!" मी वरडले. बघते तर धनी भुईवर बसलेले, त्वांड पांढरंफटक.

"माझी पाकळी म्या दाबून बसवली हुती गं," ते म्हनले. "म्या चोरला न्हवता. म्हनलं, मंग तिनंच चोरला असंल. देव तिचंच नाव घेनार, जरा दाबलं तर काय बिघडलं?"

"काय बिघडलं? जळ्ळं तुमचं त्वांड!" माझ्या अंगाची लाहीलाही झाली.

तर म्हनत्यात, "डोळा गुपचूप बसवू. देवानंच परत दिला म्हनू."

"आन् चांगुणा?"

धनी उठून भायेर गेले. दोन दिस ताट फुड्यात घिऊन नुसते बसायचे. तिच्या घरावरनं जायचं टाळून वेशीकडनं वळसा घालायचे. तिसऱ्या दिशी आपनहून म्हनले, "चल माझ्यासंगं. एकट्याला धीर हुईना."

चांगुणा गवऱ्या थापत हुती. ह्यांनी खाली मान घालून समदं सांगितलं. तिचा हात तसाच शेनात ऱ्हायला.

"देवानं नाव घेतलं म्हनून मी त्वांडातनं शबूद काढला न्हाई," ती म्हनली. "आन् ते तुमचं बोट हुतं, दादा?"

हे तिच्या पायाशी वाकले, तशी ती मागं सरली. "माझ्या पाया पडू नका. गावाम्होरं बोला." तिला इतकी चिडलेली मी पैल्यांदाच बघितली, आन् मला बरं वाटलं.

ह्यांनी गाव गोळा केलं आन् बोलले. जन्माचा भित्रा मानूस, पन पाकळी कशी दाबली ते करून दावलं. गाव खवळलं. पाटील म्हनले, "गुरवकी काढा! आजपासनं ह्यानं देवळाची पायरी चढायची न्हाई." समदे व्हय व्हय म्हनाया लागले. मी पदरात त्वांड घातलं. काय म्हननार? आमच्या पदरात आमचंच पाप पडत हुतं.

तवर मागनं चांगुणा उठली. मान्सं बाजूला झाली.

"देवळाभायेर हुबं ऱ्हानं काय असतं, ते तुमाला न्हाई ठावं, मला ठावं हाय," ती म्हनली. "माझं मन साफ हुतं, म्हनून भायेर राहूनबी देव माझा ऱ्हायला. त्याच्या आधारावर मी तगले. ह्या मान्साचं मन तर मनभर वज्झ्याखाली हाय. त्याला देवाबिगर ठिवू नका. त्यो जगायचा न्हाई."

आमचे धनी तितंच मटकन बसले आन् लहान लेकरावानी हुंदके देऊन रडाया लागले.