दोन कासऱ्यांचा पतंग

आधीच सांगून ठिवतो, ह्या पतंगाचा शेवट वळखून दाखवा. वळखला तर मिशी काढून हातावर ठिवतो! तुमी हुशार लोकं, मोबाईल बगता, तरी बी वळखणार न्हाई.

आमच्या मांजरसुंब्याच्या माळावर किस्से कसे साचतेत? उसाच्या फडात पाचट साचतं तसे. वरचं उचलावं तर खाली आजून. आन् तळाला एखादा इचू असतोच.

तर आमचा बाबू. ट्रक डायवर. गुजरातेत समिंदराकाठी माल उतरवाय गेलता, तितून पतंग घिऊन आला. आपला पतंग म्हंजी कागद, काड्या आन् मांजा. ह्याचा पतंग माणसायेवढा, तिकोनी, कापडाचा. आन् दोऱ्या दोन!

ढाब्यावर समदे जमले. आमचा किसना इचारतो, "दोन दोऱ्या कावून बे?"

मी म्हन्लं, "एक नवऱ्याला, एक बायकूला. दोघं दोन बाजूला वढतेत, म्हून तर संसार वर ऱ्हातो!"

समदे हासले. किसना तेवडा हासला न्हाई. त्याची बायकू सुंद्रा लकव्यानं बाजंवर पडलेली. अर्धं आंग गेलं, बोलणं गेलं, हासणं बी गेलं.

*

बाबूनं मोबाईलवर व्हिडू बगून समद्यांला शिकवाय घेतलं. ज्यानं हातात धरला त्यानं पतंग नाकावर आपटला. किसनानं धरला आन् पतंग उबा राह्यला!

किसना जलमभर गाडीवान. ऊस भरून कारखान्याला वाह्यलेला. म्हन्ला, "डावी वढली की डावीकडं, उजवी वढली की उजवीकडं. आरं, ह्यो तर बैल हाय!" आन् लागला वरडाय, "हौ रं पाखऱ्या, हौ हौ!"

पाखऱ्या म्हंजी त्याचा इकलेला बैल. सुंद्रावैनीच्या दवाखान्यापायी जोडीच गेली.

बाबू म्हन्ला, "काका, पतंग एकच हाय. जोडीतला दुसरा बैल कुठं?"

किसना म्हन्ला, "दुसरा मी."

*

गावात आमचे एक आण्णा हायेत. पुढारी. पांढरी टोपी, पांढरी गाडी. ढाब्यावर चहाला उतरले, पतंग बगितला. मी कानात सांगितलं, "आण्णा, फॉरेनचा माल हाय. शिट्टी वळखतो."

दोऱ्या बारीक, उन्हात दिसत न्हाईत. किसना दोऱ्या धरून लांब बाभळीमागं उबा. आण्णांनी शिट्टी मारली, पतंग गर्रकन फिरला. पुन्हा मारली, पुन्हा फिरला. आण्णा लई फुगले. "बगा रं! पतंग ऐकतो, कार्यकर्ते ऐकत न्हाईत!"

मंग पतंग आला सुसाट खाली आन् टोपी उडवून गेला. आण्णा टोपी झटकीत म्हन्ले, "गेला! ह्यो बी त्या पार्टीत गेला!"

*

मंग आली कोलांटी. बाबू म्हन्ला, "काका, एक झटका द्या आन् लगेच दोन्ही दोऱ्या ढिल्या सोडा. पतंग हवेतच पालथा पडतो, पुन्हा वढला की उठतो."

झटका किसना झ्याक द्यायचा. ढील काय देईना. घाटानं भरली गाडी आणलेला माणूस! तितं कासरा ढिला पडला की ऊस, बैल, माणूस समदं दरीत. हात आवळायचाच. पतंग रोज आपटायचा.

मी म्हन्लं, "आरं, वैनीचा पदर धरल्यावाणी काय धरतो? सोड की!"

किसना पतंगाकडंच बगत म्हन्ला, "ती बी आसंच म्हन्ती. डोळ्यानं. सोड म्हन्ती मला."

बाबू उठून चहा सांगाय गेला. चहा तर आमच्या म्होरंच व्हता.

*

किसनाचं घर माळाच्या पायथ्याला. एक दिस पतंग सुटला तो सरळ त्याच्या आंगणात. आमी पळत गेलो. कोंबड्या छपरावर, कुत्रं बाजंखाली, आन् पतंग सुंद्रावैनीच्या फुडं नाक खुपसून उबा!

किसना मला चिमटा घिऊन म्हन्ला, "तिचा व्हट हालला. बगितला का?"

"वाऱ्यानं हालला आसंल."

"वाऱ्यानं न्हाई बे."

त्या दिसापासनं कोलांटी गेली खड्ड्यात. त्याला एकच डाव शिकायचा व्हता. पतंग वरून आणायचा, बाजंम्होरं हातभर उंचीवर अधांतरी थांबवायचा, आन् मान लववून रामराम घालायचा. बाबू म्हन्ला, "काका, लई अवघड. खाली वारं फसवतं. केसभर हात हालला की पतंग मातीत."

किसना म्हन्ला, "हालूच देत न्हाई."

मी म्हन्लं, "लगीन झालं तवा बायकूला रामराम घातला न्हाई, आता पतंगाकडून घालतो व्हय!" त्येवर तो हासला. लई दिसांनी.

*

आन् मंग त्यो दिस. आखाडाचं वारं. डोंगरावरल्या पवनचक्क्या भणाणत व्हत्या. बाबू म्हन्ला, "आज नगं, काका."

"आज ती बसलीय." खरंच, लेकीनं मागं गोधड्या लावून वैनीला बाजंवर बसवलं व्हतं.

पतंगाला धराय पट्टे व्हते, पर किसनाला ते नको. गाडीवानाची खोड हाय, वढाळ बैल आसला की कासरा बोटाला पीळ देऊन धरायचा. त्यानं पतंगाच्या दोरीचा बोटांला तसाच पीळ दिला. दोरी कशी, तारंवाणी.

पतंग उतरला. थांबला. बाजंम्होरं हातभर उंचीवर, जसा कुनी खांबाला टांगलाय. मान लववली. पुन्हा लववली.

आन् सुंद्रावैनी हासली. अर्ध्या तोंडानं, पर आवाज करून! माळावर आमाला आयकू आलं. लेक दोन्ही हात तोंडावर ठिवून खालीच बसली.

वारं वाढलं. मी बगितलं तर किसनाची बाही लाल.

"किसना, सोड बे! हात कापायलाय!"

"हळू बोल. हासायलीय ती."

"आरं, बोटं जातेल!"

"थांब की जरा. आजून हासायलीय."

बाबूनं दोरी तोडाय चाकू काढला. किसनानं त्याच्याकडं नुस्तं बगितलं. बाबूनं चाकू मिटला.

वैनी हासून हासून दमली, डोळे पुसाय लागली, तवा किसनानं पतंग आलगद मातीला टेकवला. येक कोंबडी बी बुजली न्हाई.

बीडच्या दवाखान्यात डागदर चिडला. "एवढं कापेपर्यंत दोरी सोडली का नाही, बाबा?"

 

आत न्यायच्या टायमाला किसनानं चांगल्या हातानं माझं मनगट धरलं. "आवाज तुला बी आला न्हवं बे?"

"आला."

डाव्या हाताची दोन बोटं काढली.