मानगढची नऊ नावं आणि माझी बंद वही

बडोदेकरांना सहलीला जायचं म्हटलं की पावागड, नाहीतर सरळ दीव-दमण. आमच्या घरी यंदा दिवाळीनंतर मी मानगढचं नाव काढलं तेव्हा शिरीषने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, पहिला प्रश्न विचारला, "तिथे खायला काय मिळतं?" मी म्हटलं, मक्याचा रोटला आणि उडदाची डाळ. त्यावर त्याने गाडीच्या टायरमधली हवा तपासायला घेतली, म्हणजे होकार.

मानगढ ही गुजरात-राजस्थानच्या सीमेवरची टेकडी. १९१३ साली तिथे भील लोक आपल्या गुरूंच्या धुणीभोवती, म्हणजे पवित्र अग्नीभोवती, जमले होते. वेठबिगार नको, दारू नको, एवढंच मागणं. इंग्रजांच्या आणि संस्थानांच्या फौजांनी वेढा घालून त्यांच्यावर गोळ्या चालवल्या. किती गेले त्याचा नक्की आकडा कुणालाच सांगता येत नाही. मी तीस वर्षं प्रतापनगरच्या एका शाळेत इतिहास शिकवला, जालियनवाला बाग दरवर्षी घसा बसेपर्यंत शिकवली, आणि आपल्यापासून चार तासांवरची ही टेकडी एकदाही नाही. पाठ्यपुस्तकात नव्हती, हे माझं कारण. चांगलं कारण नाही, मला माहीत आहे.

ही टेकडी मला कळली सविताबेनमुळे. सविताबेन आमच्या शाळेत पी.टी. शिकवायच्या. शिट्टी अशी वाजवायच्या की मधल्या सुट्टीत पाणीगेटपर्यंत ऐकू जावी. त्यांचं माहेर संतरामपूरच्या बाजूचं. सहलीच्या महिनाभर आधी चहा पिताना त्या सहज म्हणाल्या, त्यांच्या घरातली आणि फळियातली, म्हणजे वाडीतली, नऊ माणसं त्या टेकडीवर मारली गेली होती. त्यांची नावं घरात तोंडी चालत आली. आजोबांकडून बा, म्हणजे सविताबेनची आई, तिच्याकडे. बाकडून थोरल्या भावाकडे. भाऊ गेल्या वर्षी अचानक गेला, पुढे कुणाला न सांगता. आता ती नावं फक्त बाजवळ आहेत, आणि बाला पंच्याऐंशी उलटून गेली. सविताबेन लहानपणीच वसतिगृहात गेल्या, त्यांच्यापर्यंत ती आलीच नाहीत.

"तुम्हीच घ्या ना आता," मी म्हटलं.

"मी साठीची. मला देऊन बा म्हणते, एका म्हातारीकडून दुसऱ्या म्हातारीकडे. तिला जिनल हवी."

जिनल म्हणजे सविताबेनची नात, अकरा वर्षांची, मकरपुऱ्यात राहते, इंग्रजी शाळेत जाते. गावची बोली तिला जेमतेम कळते, आणि कुणी तिच्याशी त्या बोलीत बोललं की ती गुजरातीत उत्तर देते. आजीच्या गावाला जायचं म्हटलं की हिचं पोट दुखतं. बडोद्याहून आणखी पाहुणे येणार म्हटल्यावर मात्र ती कबूल झाली. तेव्हा या सहलीत मी पाहुणी कमी आणि लालूच जास्त होते, हे आधीच सांगून टाकते.

शनिवारी सहाला निघायचं ठरलं होतं, म्हणजे पावणेसातला निघालो. हालोलपर्यंत रस्ता असा की शिरीष गाणं म्हणायला लागला, आम्ही तिघींनी त्याला थांबवलं. डावीउजवीकडे बघता बघता पावागड दिसला आणि मागे गेला. कालोलच्या पुढे एका टपरीवर फाफडा, पपईचा संभारो आणि चहा. चौघांचा नास्तो दोनशेच्या आत. गोध्र्याच्या बायपासवर गाडीत सगळे जरा गप्प झाले. जिनलने विचारलं, इथे काय झालं होतं, पप्पा कधीच सांगत नाहीत. शिरीषने आरसा नीट केला, मी पाण्याची बाटली शोधली. न बोलायची आम्हा बडोदेकरांना फार चांगली सवय आहे, आणि पोरांना ती लगेच कळते.

लुणावाड्यानंतर रस्ता अरुंद होतो, पण टेकड्या सुरू होतात आणि डोळे निवतात. संतरामपूरला पेट्रोल भरून घ्या, पुढे भरवसा नाही. हवा थंड, शेतात मका काढून झालेला, छपरांवर कणसं वाळत घातलेली. साडेअकराला आम्ही बाच्या अंगणात पोचलो.

बा खाटल्यावर बसली होती. एवढीशी, वाळलेली, पण नजर अशी की शिरीषने आपोआप शर्ट खोचला. सविताबेनच्या वहिनीने रोटला, उडदाची डाळ आणि लसणाची चटणी वाढली. शिरीषने चार रोटले खाल्ले. मोजत मी नव्हते, बा मोजत होती, आणि चौथ्यानंतर तिने सुनेला सांगितलं की हा माणूस चांगला आहे.

इथपर्यंत सगळं गोड. आता माझा पराक्रम ऐका.

आमचं घराणं दप्तरातलं. माझे आजेसासरे राज्याच्या दप्तरखान्यात होते, आणि लिहून ठेवायचा रोग तेव्हापासून घरात आहे. आमच्याकडे कोणत्या साली कुठला आंबा आला तेही वहीत सापडतं. तर जेवण झाल्यावर बाने जिनलला जवळ बोलावलं, सुपातले मक्याचे दाणे ओंजळीत घेतले, तोंड उघडलं, आणि मी काय करावं? पर्समधून वही काढली, पेनाचं टोपण उघडलं आणि वर तारीख घातली.

बा थांबली. माझ्याकडे नाही, वहीकडे बघितलं. मग दाणे सुपात परत टाकले आणि उठून आत गेली.

मला वाटलं, पाणी प्यायला गेली असेल. सविताबेनचा चेहरा बघितला तेव्हा कळलं, काहीतरी फार चुकलं. त्या मला ओट्याच्या कडेला घेऊन गेल्या आणि त्यांच्या त्या शिट्टीवाल्या आवाजात, पण हळू, सांगितलं: गोळीबारानंतर कागद घेऊन माणसं गावोगाव आली होती, टेकडीवर कोण कोण होतं ते विचारत. ज्यांची नावं कागदावर गेली त्यांच्या दारात शिपाई आले. बाचे वडील तेव्हा मिसरूड न फुटलेले होते. ते वाचले, कारण त्यांचं नाव कुणी सांगितलं नाही. तेव्हापासून या घराची रीत एकच, नावं तोंडातून कानात. कागदाला नाही द्यायची.

"हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?" मी म्हटलं.

"तुम्ही दप्तर घेऊन याल असं कुठे वाटलं होतं, मेधाबेन? आणि बा एकदा उठली की उठली. आता नाही सांगायची ती."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एक माणूस, नऊ नावं, पंच्याऐंशी वर्षांची छाती, आणि मधे मी माझं टोपण काढलेलं पेन घेऊन उभी. जिनल मात्र खूश होती. सुटले असं तिच्या तोंडावर स्वच्छ लिहिलं होतं.

दुपारभर बा मागच्या अंगणात कणसं सोलत बसली. मी तिच्यासमोर जाऊन बसले आणि न विचारता एक कणीस उचललं. मक्याचे दाणे अंगठ्याने काढायचे म्हणजे काय असतं ते अर्ध्या कणसात कळतं. माझा अंगठा लाल झाला, बाची तीन कणसं झाली. मी तिला माझ्या मोडक्या गुजरातीत सांगितलं की चूक माझी आहे, पोरीला शिक्षा नको. तिने पुढचं कणीस उचललं. ते सोलून झाल्यावर विचारलं, तुमच्यात गेलेल्यांची नावं कशी ठेवतात?

मी सांगितलं, श्राद्धाला घेतात. वडील, आजोबा, पणजोबा.

"आणि त्याच्या वरचे?"

वरचे नाहीत, मी म्हटलं. तीनच. बाने मग विचारलं, नवऱ्याच्या पणजीचं नाव काय? मी आठवून बघितलं. शिरीषला हाक मारून विचारलं. त्यालाही येईना. शेवटी मी कबूल केलं की नाव आहे, पण बडोद्याला कपाटात, वहीत आहे.

बा जी हसायला लागली, ती ठसका लागेपर्यंत. सुनेला बोलावून सांगितलं, हिच्या घरचे लोक कपाटात राहतात. सून हसली, सविताबेन हसल्या, जिनलही हसली. मलाही हसू आलं, पण आतून चरचरलं. मग बाने माझ्या हातातलं अर्धवट कणीस काढून घेतलं, पटापट सोललं आणि म्हणाली, उद्या सकाळी टेकडीवर. तूही ये. ऐक, पण लिहू नकोस.

रविवारी सकाळी बा गाडीत पुढच्या सीटवर बसली. पट्टा लावायला तिचा विरोध होता. मला बांधता कशाला, मी कुठे पळते आहे, असं तिचं म्हणणं. गाडी वरपर्यंत जाते, वळणं बरी आहेत, फक्त समोरून जीप आली तर शिरीषसारखं कडेला थांबून तिला जाऊ द्यावं. वर स्मारक आहे, धुणीची जागा आहे, आणि चारही बाजूंना अशा टेकड्या की कुठला डोंगर गुजरातचा आणि कुठला राजस्थानचा ते सांगता येत नाही. पौर्णिमेच्या मेळ्याला इथे मुंगीला जागा नसते म्हणे. आम्ही गेलो तेव्हा एक शाळेची सहल होती आणि ती पोरं शेंगा खात पळत होती. मला वाटलं बाला राग येईल. ती म्हणाली, पोरं पळाली पाहिजेत इथे.

धुणीपासून थोडं लांब, एका खाखऱ्याच्या, म्हणजे पळसाच्या, झाडाखाली ती बसली. जिनलच्या हातात नऊ दाणे दिले. एक नाव, एक दाणा जमिनीवर. बाने तीनदा सांगितली. नुसती नावं नव्हे, प्रत्येकाबरोबर एकेक गोष्ट: हा पावा वाजवायचा, ही भांडखोर होती, ह्याला एका डोळ्याने दिसायचं नाही. काहींवर तर आम्ही हसलो. त्या भांडखोर बाईने शेजाऱ्याचा बकरा कसा परत आणला ते ऐकून जिनल खिदळली, आणि मग एकदम गप्प झाली, कारण तिच्या लक्षात आलं की ही बाई इथेच पडली.

मग जिनलने म्हणून दाखवली. आठ नावं, आठ दाणे, अडखळत, पण गावच्या बोलीत. नववा दाणा हातातच राहिला.

"हा कुणाचा?" बाने विचारलं.

"त्याला नाव नाही ना," जिनल म्हणाली. "तू नुसतं आईच्या कडेवरचं म्हणालीस."

"नाव ठेवायचं राहिलं होतं."

जिनलने दाणा बोटांत फिरवला. मग म्हणाली, आपण ठेवूया. तिने दोन-तीन नावं सुचवलीसुद्धा, चांगली होती. मला तर पटलंच. एवढ्याशा जिवाला निदान नाव तरी, असं मी बोलूनही दाखवलं.

बाने मान हलवली. "आपण नाव ठेवलं की ते बाकीच्यांसारखं होईल. मग तुझी नात कधी विचारणार नाही, ह्याला नाव का नव्हतं. विचारायला पाहिजे तिने."

तीस वर्षं मी फळ्यावर कारणे आणि परिणाम लिहिले. हे एक वाक्य मला कधी सुचलं नाही. डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलंही नाही.

जिनलने पुन्हा सुरुवात केली. आठ नावं. मग नववा दाणा जमिनीवर ठेवून, हळू, "आईच्या कडेवरचं." बाने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लगेच विचारलं, आता खायला काय आहे. दाणे तिथेच राहू दिले, चिमण्या यायच्याच होत्या.

जायचं असेल तर हिवाळ्यात जा, उन्हाळ्यात टेकडी भाजते. पहाटे निघालात तर एका दिवसात जाऊन येता येतं, पण एक रात्र संतरामपूरला काढा. वर पाणी घेऊन जा. शिरीष म्हणतो, उडदाच्या डाळीसाठी पुन्हा जाऊ.

घरी आल्यावर पहिलं काम मी कपाट उघडायचं केलं. पणजीचं नाव शोधलं, पाठ केलं, आणि आमच्या मुलाला बंगळुरूला फोन करून म्हणायला लावलं. त्याला वाटलं, आईची तब्येत बरी नाही. गोध्र्याच्या बायपासवर जिनलने विचारलं होतं, त्याचं उत्तरही मी तिला मागच्या रविवारी दिलं, तिच्या आईवडिलांना विचारून, जेवढं मला ठाऊक आहे तेवढं. सोपं नव्हतं. ती दर रविवारी येते, कारण बाने मला साक्षीदार नेमलंय: पोरगी चुकली तर मी टोकायचं. अजून चुकली नाही. मागच्या वेळी तर मीच एकाचा पावा दुसऱ्याला दिला आणि तिने मला टोकलं.

त्यामुळे ती नावं तुम्हाला या ब्लॉगवर मिळणार नाहीत. जिनलकडे आहेत, सुखरूप आहेत. नवव्याबद्दल लिहावं की नाही ते मला ठरवता येईना, म्हणून सविताबेनकडून फोन लावून बाला विचारलं. पलीकडे बाने आधी कोंबड्या हाकलल्या. मग बा म्हणाली, "ते लिही. त्याला नावच नाही, ते कुणाला सापडणार?"

म्हणून लिहिते आहे. नववं, आईच्या कडेवरचं.