सारंगांना पसंत न पडलेली सायकल

बाळा सारंगांना जगातली एकही गोष्ट धड बनवलेली वाटत नसे. सतराव्या वर्षी बोटीवर चढलेला हा माणूस खलाशांचा मुकादम, म्हणजे सारंग, होऊन निवृत्त झाला आणि रत्नागिरीजवळच्या सड्यावर, त्या उघड्या कातळमाळावर, आपल्या वाडीत येऊन पडवीत बसला, तो सगळ्यांना नावं ठेवायलाच. गवंड्याचा ओळंबा वाकडा, सुतार लाकडाचा वैरी, मुंबईकर नुसते बोलघेवडे. लोटे गावच्या कारखान्यात नोकरी करणारा स्वतःचा मुलगा विनीत म्हणजे तर दुसऱ्याच्या नळाला चावी फिरवणारा. कुठलीही वस्तू समोर आली की ते बोटाच्या पेराने तिच्यावर टकटक करत, कान देत आणि नाक मुरडत. 'नाचता येईना, अंगण वाकडं' ही म्हण त्यांनी वाडीतल्या प्रत्येकाला कधी ना कधी ऐकवली होती.

त्यांची सून तेजस्वी हिला गणपतीच्या सुमारास पोस्टात डाक सेवकाची नोकरी लागली. टपाल घेऊन तिला सड्यावरच्या लांब लांब वाड्यांवर जायचं असे, आणि वाट चिरेखाणीवरून, सगळी खडी आणि चढउतार. तिच्या कॉलेजच्या लेडीज सायकलचं चाक पहिल्या पंधरवड्यातच वाकडं झालं. मग तिने चौकशी केली. तिला हवी होती ती पुढे शॉकअप आणि मागे कडक असलेली, जाड टायरची, चढाला हलका गिअर पडणारी सायकल. दुकानदार तिला हार्डटेल म्हणतात. सारंगांनी डोळ्याखालून घातल्याशिवाय घरात केरसुणीसुद्धा येत नसे, तेव्हा सायकल निवडायला तेही निघाले.

मारुती मंदिराजवळच्या दुकानातल्या नितेशने पहिली सायकल काढली ती दोन्हीकडे शॉकअपची, अंगावर ज्वाळा रंगवलेली. सारंगांनी ती दाबून बघितली आणि म्हणाले की ही चढावर नुसती उड्या मारील, पायातला सगळा जोर स्प्रिंगच खाईल. दुसरी लोखंडी होती. ती खाऱ्या वाऱ्यात शिमग्यापर्यंत तांबेरून जाईल म्हणाले. खरं सांगायचं तर या दोन्ही बाबतीत ते चुकले नव्हते. तिसरी मात्र अॅल्युमिनियमची, तेजस्वीच्या उंचीची, चांगली होती. सारंगांनी तिच्यावरही टकटक केली.

"एक चक्कर मारून बघा ना काका," नितेश म्हणाला.

सारंगांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो बिचारा हवा भरायचा पंप उगाचच पुसू लागला. हे वेल्डिंग नाही, चिकटवलेला चिंगम आहे, असं म्हणून ते दुकानाच्या पायऱ्या उतरले.

आता एक गोष्ट इथेच सांगून टाकलेली बरी. बाळा सारंगांना सायकल चालवता येत नव्हती. लहानपणी वाडीत सायकल नव्हती, आणि पुढे बोटीवर तिचं काय काम? परदेशी बंदरात बाकीचे खलाशी भाड्याने सायकली घेऊन भटकायचे, तेव्हा हे म्हणायचे, सायकल पाववाल्याने चालवावी, मी चालत जाईन. सगळे समुद्र पालथे घातलेल्या माणसाला दोन चाकांवर तोल सांभाळता येत नाही, हे वाडीला कळलं तर जन्मभराचा रुबाब मातीत जाईल, या एका भीतीने त्यांना ग्रासलं होतं. प्रत्येक दुकानदार शेवटी चक्कर मारायला सांगतो हे त्यांच्या लक्षात आलं होतं, म्हणून चक्कर मारायची वेळ येण्याआधीच ते सायकलीत खोट काढून मोकळे होत.

दसऱ्याची सूट गेली, दिवाळीची गेली. हातखंब्याच्या दुकानात ब्रेकची वायर सुतळीसारखी निघाली. दुसऱ्या एका दुकानात दुकानदाराचे डोळेच त्यांना लबाड वाटले. तेजस्वी पिशवी खांद्याला लावून सडा तुडवत राहिली आणि तिच्या चपलांचे तळ झिजत राहिले. संध्याकाळी ती पाय गरम पाण्यात बुडवून बसली की सारंग पडवीतून सांगत, घाई करून गळ्यात धोंडा बांधून घेण्यापेक्षा थांबलेलं बरं. धोंडा कोणाच्या गळ्यात आहे ते तेजस्वीला दिसत होतं.

जूनच्या तोंडावर विनीतने कळवलं की दापोलीच्या कृषी विद्यापीठातला दर्शन नावाचा एक मुलगा शेवटची परीक्षा देऊन घरी निघालाय आणि सायकल विकतोय. सासरा आणि सून एसटीने दापोलीला गेले. सायकल बघताच तेजस्वीचा चेहरा उजळला. हलकी, मागे कडक, पुढचा शॉकअप चढावर बंद करायची सोय, ब्रेक नीट पकडणारे, आणि सुटे भाग रत्नागिरीत मिळणारे. तिने वसतिगृहामागच्या चढावर ती नेली, उताराने परत आणली आणि हीच घ्यायची म्हणाली.

सारंगांनी टकटक केली. आवाज चांगला आला. त्यांनी साखळी बघितली, आरे मोजल्यासारखे चाचपले. काही सापडेना तसे ते घामाघूम झाले.

"चांगली असती तर ह्याने विकली कशाला असती?" ते म्हणाले. "चल गो, नाय घ्यायची."

तेजस्वी हलली नाही. आठ-नऊ महिन्यांचा राग तिच्या तोंडावर आला होता. "बाबा, आज तुम्ही स्वतः बसून बघा," ती म्हणाली. "खोट दाखवा, म्हणजे मी जन्मभर चालत जाईन."

आता पळायला वाट नव्हती. सारंगांनी हँडल पकडलं. वादळात दोर आवळावा तसं दोन्ही मुठींनी गच्च पकडलं. मग नको त्या बाजूला जाऊन त्यांनी पॅडलवर पाय ठेवला. पॅडल सर्रकन मागे फिरलं आणि नडगीवर आदळलं. तेजस्वीने त्यांच्या मुठी पाहिल्या, पाय पाहिला आणि तिला सगळं कळलं. चांगल्या चांगल्या सायकली कशापायी गेल्या तेही कळलं. तिथे त्या पोरासमोर त्यांची पार शोभा करायचा तिला हक्क होता आणि ती करावी असं तिला क्षणभर फार वाटलंही.

"बाबांचा गुडघा दुखतो," ती दर्शनला म्हणाली. "राहू दे. मी घेतेय ही."

परतीच्या एसटीत सारंग खिडकीबाहेर बघत बसले. आयुष्यात त्यांनी कोणाची लाज राखली नव्हती. बोटीवरचा नवखा खलाशी असो की पोटचा मुलगा, चुकला की चारचौघांत सोलून काढायचा, हीच त्यांची रीत. आणि आज सुनेने त्यांची लाज राखली होती, तीही न मागता. त्यांना सुनेचा राग आला, मग स्वतःची किळस आली, आणि ती किळस वाटेत खेड आलं तरी गेली नाही, पुढेही गेली नाही.

सायकल दोन दिवसांनी काजूच्या कलमांच्या टेम्पोतून आली. वाडी बघायला जमली. शेजारचा रघू, ज्याला आयतं बसून मतं द्यायची सवय सारंगांच्याच पडवीत लागली होती, तो पुढे झाला. त्याने बोटाच्या पेराने दांड्यावर टकटक केली, कान दिला आणि नाक मुरडलं.

"सारंगानू, ह्यात काय दम दिसत नाय," तो म्हणाला.

सगळे सारंगांकडे बघू लागले. तेजस्वी साखळीला तेल घालत होती; तिने मान वर केली नाही.

"तुला चालवायला येते?" सारंगांनी विचारलं.

"मला कुठे येते," रघू हसला. "पण बघितल्यावर कळतं ना."

"नाय कळत," सारंग म्हणाले. "मला पण येत नाय. हात काढ."