पोळ्याची रेघ

हिंगण्याच्या वाटेवरच्या शेताचे प्लॉट पडले, बैल विकले गेले, पण चंपतरावांचा पोळा काही सुटला नाही. दर पोळ्याला ते नवं धोतर नेसायचे, कमरेला दोर बांधायचे आणि चुन्याचा ब्रश घेऊन विहिरीच्या पायऱ्या उतरायचे. पाणी जिथवर चढलं असेल तिथे पांढरी रेघ, शेजारी साल. दोराचं दुसरं टोक बायकोच्या, रुख्मिणीबाईंच्या हातात. "म्हातारा झाला तरी अक्कल आली नाही याले," असं त्या अठ्ठावीस वर्षं म्हणत होत्या. पहिल्यांदा म्हणाल्या तेव्हा ते छत्तीसचे होते.

यंदा मे महिन्यात त्याच विहिरीवर दिपाली इंजिनियर येऊन उभी राहिली. तिचं हे पहिलंच काम. ले-आऊटच्या रस्त्यावरचं पावसाचं पाणी खडी भरलेल्या चरात जिरवायचं, चर आठ फूट खोल.

"विहिरीत पाणी सत्तावीस फुटांवर आहे, काका. आठ फूट म्हणजे काहीच नाही."

चंपतरावांना ते पटेना. रस्त्याचं पाणी म्हणजे गाड्यांचं तेल, कुत्र्यांची घाण. मधे कोरडी माती असली तर ते गाळून निघेल. पण पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर चढून चराचा तळच बुडाला, तर सगळी घाण थेट विहिरीत! आणि या विहिरीशिवाय दुसऱ्या पाण्याचा चहा त्यांना आयुष्यात गोड लागला नव्हता.

"आठ फूट नको वं बाई. पाणी लय वर येते."

"किती वर?"

"वाकून पाह्य न."

दिपाली वाकली. आत अठ्ठावीस रेघा, एकीला खेटून एक. तिने टेप सोडला. सगळ्यात वरची रेघ जमिनीपासून अवघ्या सहा फुटांवर! पोरीचा चेहरा आधी पांढराफटक पडला, मग तिला जे हसू फुटलं ते आवरेना.

"मी वैशाखात मोजलं, काका! वैशाखात!"

"अन् मी पोळ्याले!" चंपतरावही हसत सुटले. रुख्मिणीबाई ताकाचे पेले घेऊन धावत आल्या, त्यांना वाटलं दोघांनाही ऊन लागलं.

नकाशा तिथेच ओट्यावर बदलला. चर फक्त अडीच फूट खोल, लांबी तिप्पट. खाली साडेतीन फूट माती राखलेली. आठ फुटांचा चाचणीचा खड्डा खणून झाला होता, तो मात्र चंपतरावांनी बुजवू दिला नाही. त्यांनी त्याला कुंपण घातलं. "राहू दे. पोळ्याले मजा पाहू."

आणि काय मजा! श्रावणभर पाऊस कोसळला. पोळ्याच्या सकाळी त्या खड्ड्यात दीड फूट पाणी, वर एक लठ्ठ बेडूक. दिपालीने पाणी तपासायला चराच्या तळापर्यंत सोडलेल्या पाइपात काठी घातली. रात्रीचा पाऊस पिऊनही तळाशी पाणी नव्हतं. चंपतराव नव्या धोतरात खड्ड्याभोवती चक्क नाचले.

नाचता नाचता गुडघा धरला. मग दोर दिपालीच्या कमरेला बांधला, टोक नेहमीच्या हातात. साडेसहा फुटांवर तिने रेघ ओढली, साल लिहिलं.

"आता तुयं नाव लिही वं," चंपतराव वरून ओरडले. "हे पयली रेघ नावाची!"

"काहून?" रुख्मिणीबाईंनी दोराला हिसका दिला. "अठ्ठावीस वर्सं दोर मी धरून राहिली, अन् नाव हिचं?"

चंपतरावांनी रुख्मिणीबाईंचे हात पाहिले. दोन्ही तळव्यांना दोराचे घट्टे पडले होते.

विहिरीतून दिपालीचा आवाज आला, "काकू, रुख्मिणीतला 'रु' ऱ्हस्वच ना?"