घरचा पेशंट

वॉर्डात सगळे तिला मोठ्या सिस्टर म्हणत. बावीस वर्षं तिने त्या एकाच वॉर्डात काढली होती. पेशंट बिघडायला लागला की तिला सगळ्यांच्या आधी चाहूल लागायची, पण तोंडातून वाक्य एकच निघायचं, "डॉक्टरांना कळवते."

सेहेचाळिसाव्या वर्षी तिने पुढच्या अभ्यासाला नाव घातलं. पेशंटला स्वतः तपासून निदान करणाऱ्या, औषध लिहून देणाऱ्या नर्सचा हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. वर्ग सगळे ऑनलाइन. सकाळची ड्युटी संपली की दुपारी तीनला ती जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसे. लेखी परीक्षेत तिने पोरीबाळींना मागे टाकलं. घोडं अडलं ते तपासणीपाशी. घरातलं माणूस कॅमेऱ्यासमोर घ्यायचं, तपासायचं आणि आपलं मत बोलून दाखवायचं.

घरातलं माणूस म्हणजे सासरे. आयुष्यभर शिवणकाम केलेले, आता रिकामे. पेशंट व्हायला ते एका पायावर तयार झाले.

"बाबा, काय होतंय?"

"पोटात दुखतंय."

"कुठं?"

"तुला कुठं हवंय?"

पडद्यावरच्या शिक्षिका हसू दाबत म्हणत, "तपासलंत छान. आता निदान सांगा, सिस्टर."

"डॉक्टरांना कळवते."

"ते कळवाल हो. पण तुम्हाला काय वाटतं?"

इथे तिची वाचा बसायची. चुकलं तर?

"सिस्टर? आवाज जातोय का तुमचा?"

"आवाज ठीक आहे," बाबा पडल्या पडल्याच सांगत. "तीच बोलत नाहीये."

दोनदा तोच शेरा आला: निरीक्षण उत्तम, निर्णय नाही. दुसऱ्यांदा वाचून तिने लॅपटॉप मिटला. "सोडून देते," ती नवऱ्याला म्हणाली. "माझ्याच्यानं नाही व्हायचं."

नवरा भांडी विसळत होता. "सोड. पण बाबांना तूच सांग. शुक्रवारच्या वर्गासाठी नवा शर्ट शिवतायत ते."

शुक्रवारी ती मुकाट्याने वर्गाला बसली. पोटाची तपासणी होती. बाबांनी नव्या शर्टाची बटणं सोडली. "आज काही दुखत नाही बरं का," ते म्हणाले, "रोज काय नवीन शोधायचं?"

तिने पोटावर हात ठेवले. बेंबीच्या वर बोटांना ठोका लागला. सडपातळ माणसाला तो लागतोच. पण हा रुंद होता. दोन्ही बाजूंना हात ठेवले, तर प्रत्येक ठोक्यासरशी हात एकमेकांपासून लांब ढकलले जात होते. तिने हात काढले, पुन्हा ठेवले. तेच.

"काय सापडलं, सिस्टर?"

"पोटातली मुख्य रक्तवाहिनी फुगली आहे," ती म्हणाली. "मला तसं वाटतं. आत्ताच्या आत्ता सोनोग्राफी व्हायला हवी. बाबा, उठू नका."

शिक्षिकांनी मार्कांची वही मिटली. "वर्ग राहू दे. निघा तुम्ही."

सोनोग्राफीत दिसलं, एरवी दोन सेंटीमीटरची रक्तवाहिनी फुगून साडेसहाची झाली होती. सर्जनने तो आकडा दोनदा पाहिला. "ही फुटली असती तर इथवर पोचला नसता, आजोबा. पकडलं कुणी?"

"आमच्या सुनेनं," बाबा म्हणाले. "शिकतेय अजून."

दोन दिवसांनी ऑपरेशन झालं. चार तास ती ऑपरेशन थिएटरच्या बाहेरच्या बाकावर बसून होती. इतक्या वर्षांत त्या दाराच्या बाहेर बसायची वेळ तिच्यावर पहिल्यांदाच आली होती. बाबा दहाव्या दिवशी घरी आले, टाके पाहून म्हणाले, "टीप सरळ आहे. हात चांगला आहे त्याचा."

मग अभ्यासक्रमाच्या कार्यालयाचं पत्र आलं. शुक्रवारची तपासणी अर्धवट राहिली होती, सबब पुन्हा द्यावी. या खेपेला पेशंट झाला नवरा. त्याला भयंकर गुदगुल्या होतात. पोटाला हात लावला की तो कोचावर वेटोळं करी, आणि खुर्चीत बसलेले बाबा दटावीत, "सरळ झोप की! परीक्षा आहे तिची."

अर्ध्या तासाने कशीबशी तपासणी पुरी झाली.

"मत?" शिक्षिकांनी विचारलं.

"पोट मऊ आहे, गाठ नाही, कुठं दुखत नाही," ती म्हणाली. "माझ्या मते माणूस ठणठणीत आहे. फक्त रात्रीचं जेवण कमी करायला हवं."

"हे परीक्षेत धरणार?" नवऱ्याने विचारलं.

शिक्षिका मार्क लिहीत होत्या.