मेलपेट्यांचे कोतवाल

समोर कुणीही येऊन उभं राहिलं की कोतवाल संगणकाच्या पडद्यावरची नजर न काढता उजवा पंजा वर करायचे, चौकातल्या वाहतूक पोलिसासारखा, आणि विचारायचे, "इजाजत कुणाची?"

समोर कोण आहे हे त्यांनी पाहिलेलंही नसायचं. एकदा खुद्द जनरल मॅनेजर उभे होते. त्यांची मेलपेटी भरली होती, नवे मेल येईनात, एवढंच गाऱ्हाणं. पंजा वर गेला.

"इजाजत कुणाची?"

"माझीच की!" मॅनेजर म्हणाले.

"स्वतःची इजाजत स्वतःला चालत नाय, साहेब. अर्ज करा."

आणि मॅनेजरांनी खरोखर अर्ज केला. तुम्ही नोकरी केली असेल तर असा एखादा नमुना तुमच्याही कचेरीत असणार. त्याच्या हातात फार काही नसतं, एखाद्या कुलपाची किल्ली असते, आणि त्या किल्लीच्या जोरावर तो अख्ख्या इमारतीला रांगेत उभं करतो.

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत आमची कंपनी गाड्यांचे सुटे भाग बनवायची. तिचा मेल सर्व्हर, म्हणजे सगळ्या कर्मचाऱ्यांच्या मेलपेट्या सांभाळणारं यंत्र, तळमजल्यावरच्या एका खोलीत होतं, आणि त्या खोलीत हे गृहस्थ. आम्ही पाठीमागे त्यांना कोतवाल म्हणायचो. घर शहागंजच्या मागच्या गल्लीत. पणजोबा निजामाच्या महसूल खात्यात कारकून होते. ते पणजोबांबद्दल असं काही बोलायचे, की निजामच त्यांच्याकडे कामाला होता असं वाटावं.

दुष्काळाची ती लागोपाठची वर्षं. जायकवाडी धरणात नुसता चिखल उरला होता आणि कारखान्यांचं पाणी तोडलं होतं. तिकडे बीड बायपासला मात्र नव्या इमारती मजल्यामागून मजले चढत होत्या, आणि प्रत्येक इमारतीखाली टँकर उभा. वरच्या मजल्यावर आमच्या डोक्यावरचे पंखे गरम हवा ढवळायचे. कोतवालांच्या खोलीत एसी अखंड चालू, कारण "मशीनला सोसत नाय." ते स्वतः आत स्वेटर घालून बसायचे. मे महिन्यात, औरंगाबादेत, स्वेटर! आम्हाला त्यांचा राग यायला एवढंच कारण पुरेसं होतं.

मी पाचोडची. वडिलांनी मोसंबीची बाग त्याच वर्षी तोडून सरपण केली होती आणि घर माझ्या पगाराकडे बघत होतं. कंपनीत मी प्रोग्राम लिहायचे. माल निघाला की गिऱ्हाइकाला आपोआप मेल जावा, मीटिंगच्या खोल्या मेलवरून राखून ठेवता याव्यात, असली कामं. म्हणजे रोज कोतवालांच्या दारात उभं राहणं आलं. त्यांनी माझं नाव कधी उच्चारलं नाही. "काय पाचोड, आज काय मोडलंस?" अशी सुरुवात व्हायची.

एका सकाळी माझे सगळे प्रोग्राम एकदम बंद पडले. सर्व्हरला एक प्रमाणपत्र असतं, ओळखपत्र म्हणा. प्रोग्राम आधी ते तपासतो, आपण बोलतोय तो सर्व्हर खराच आहे ना ते बघतो, आणि मगच त्याला पासवर्ड सांगतो. कोतवालांनी ते ओळखपत्र बदललं होतं. जुनं संपलं म्हणून घरच्या घरी नवं बनवलं होतं आणि कुणालाही कळवलं नव्हतं.

मी खाली गेले. "सर, माझा प्रोग्राम तुमच्या सर्व्हरवर विश्वास ठेवत नाही."

"तुझ्यापेक्षा शहाणा आहे."

"पण तो 'नाही' का म्हणतोय, ते तरी बघा."

"नाही म्हणतोय ना? मग नाही. नाही म्हणणाऱ्याला कारण विचारायची तुम्हा पोरांना भारी हौस."

मग आम्ही वरच्या मजल्यावरच्यांनी जे सगळे करतात तेच केलं. प्रोग्राममध्ये एक ओळ घातली, की ओळखपत्र कसलंही असो, खरं धर. इंटरनेटवर तयार मिळते ती ओळ. सगळं सुरळीत चालू झालं आणि आम्ही चहाला गेलो.

ते त्यांच्या कसं लक्षात आलं कोण जाणे. एका दुपारी कोतवाल जिना चढून वर आले. त्यांना वरच्या मजल्यावर कुणी पाहिलं नव्हतं. अंगात स्वेटर, कपाळावरून घामाच्या धारा. माझ्या पडद्यावरची ती ओळ त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशी मोठ्यानं वाचली. "रिटर्न ट्रू! वा! म्हणजे वॉचमन ठेवला, त्याला डगला दिला, काठी दिली, आणि सांगितलं, येईल त्याला सलाम ठोक आणि आत सोड. उद्या कुणी हरामखोर माझा सर्व्हर म्हणून मधे उभा राहिला तर पासवर्ड कुणाला सांगशील? त्यालाच ना? वर चहाही पाजशील!"

सगळे हसले. मी हसले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी मुकाट्यानं प्रत्येक संगणकावर नवं ओळखपत्र बसवून दिलं, आणि त्या ओळीची गरजच संपली.

"हे आधीच करता आलं असतं," मी म्हणाले.

"आलं असतं. पण मग तुमचे उद्योग मला कळले नसते."

असा माणूस कुणाला आवडेल? चुकायचे तेव्हाही तोरा तोच. एकदा टँकर येणार नव्हता म्हणून कंपनीनं दुपारीच सुटी दिली. तसा मेल सगळ्यांना गेला. आमच्या इमारतीत तो कुणालाच मिळाला नाही, कारण विषय देवनागरीत होता आणि फालतू मेल अडवणाऱ्या कोतवालांच्या गाळणीनं तो कचऱ्यात टाकला. पलीकडच्या इमारतीला फोनवरून कळलं, ते घरी गेले. आम्ही संध्याकाळपर्यंत कोरड्या नळांशेजारी बसलो. जाब विचारला तर म्हणाले, "मराठी बघून गाळणीला संशय येतो. इंग्रजीत लिहायचं." माफीचा शब्दही नाही.

पण माझं त्यांच्याशी खरं वाजलं ते मीटिंगच्या खोल्यांवरून. प्रत्येक खोलीची स्वतःची एक मेलपेटी असते, तिच्यात वेळापत्रक असतं. माझ्या प्रोग्रामला त्या पेट्या उघडायच्या होत्या. सर्व्हरवर त्यासाठी एक खास अधिकार असतो. तो दिला की प्रोग्राम कुणाचंही सोंग घेऊन त्याची पेटी उघडू शकतो, त्याचा पासवर्ड माहीत नसतानाही. मी तो सरसकट मागितला. उद्या कुणाची पेटी लागेल काय सांगावं?

"तुला बैठकीत बसायचंय," कोतवाल म्हणाले, "आणि किल्ली मागतेस देवघरासकट सगळ्या घराची." त्यांनी फक्त खोल्यांच्या पेट्यांपुरता अधिकार दिला. नवी खोली झाली की नवा अर्ज, पुन्हा पंजा, पुन्हा इजाजत. मी त्यांना कोत्या मनाचा म्हातारा म्हणायचे, आणि तेही हळू आवाजात नाही.

त्याच उन्हाळ्यात एका स्थानिक वर्तमानपत्रात फोटो छापून आला. फुलंब्रीकडच्या एका खेड्यातली पिण्याच्या पाण्याची विहीर, तिच्याशेजारी घागरी घेऊन बसलेल्या बायका, आणि विहिरीत पाइप सोडून उभा असलेला टँकर. टँकर आमच्या कंपनीनं लावलेला होता. बातमीत ठेकेदाराचं नाव होतं, फेऱ्यांच्या वेळा होत्या. आतल्या माणसाशिवाय हे बाहेर जाणं शक्य नव्हतं.

आमच्या खरेदी विभागात एक फुलंब्रीचे दादा होते, रोज बसनं यायचे. टँकरचं काम त्यांच्याच टेबलावर. बातमी आली त्या दिवसापासून त्यांचा डबा तसाच परत जाऊ लागला.

धाकट्या मालकांनी मला आणि कोतवालांना केबिनमध्ये बोलावलं. हे चिरंजीव परदेशातून नुकतेच शिकून आले होते आणि प्रत्येक सभेत "आपण सगळे एक फॅमिली आहोत" असं सांगायचे. फॅमिलीला त्या महिन्यात प्यायचं पाणी घरून आणावं लागत होतं.

त्यांनी मला विचारलं, "तुमच्या प्रोग्रामला कुणाचीही पेटी उघडता येते, असं कळलं."

"येऊ शकते," मी म्हणाले. "सरांनी अधिकार दिला तर."

"मग सर देतील. मला सगळ्यांचे मेल बघायचेत. कोण बाहेर बोललं, ते कळलं पाहिजे. फॅमिलीत काय लपवायचं?"

कोतवालांचा पंजा मांडीवरून जरासा उचलला गेला आणि पुन्हा खाली बसला. मालकासमोर एवढी छाती त्यांचीही नव्हती. घसा खाकरून ते नेहमीपेक्षा मऊ आवाजात म्हणाले, "देतो ना, साहेब. माझी काय हरकत? फक्त एक आहे. ज्याची पेटी उघडेल त्याला सर्व्हर आपोआप मेल पाठवतो, की तुमची पेटी अमुक माणसानं उघडली. तुमचं नाव जाईल सगळ्यांना. उद्या तेही वर्तमानपत्रात यायचं."

सर्व्हर असलं काहीही करत नव्हता. धादांत खोटं होतं ते.

धाकटे मालक माझ्याकडे वळले. "खरं आहे हे?"

पाचोडला अंगणात रचलेलं मोसंबीचं सरपण माझ्या डोळ्यांपुढे आलं. ही नोकरी गेली तर घरात दुसरी नव्हती. कोतवाल माझ्याकडे बघत नव्हते. ते टेबलावरच्या काचेकडे बघत होते, आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"हो सर," मी म्हणाले. "थांबवता येत नाही ते."

"बंद करा ना तो मेल."

"बनवणाऱ्यानंच तसं बनवलंय, साहेब," कोतवाल म्हणाले. "आपल्या हातात नाय."

मालकांनी आम्हा दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि हातानंच जायला सांगितलं.

जिन्यात मी त्यांना गाठलं. "सर, का केलंत?" मला वाटलं, आता ते काही तरी चांगलं बोलतील. लोकांचा विश्वास, कुणाचं खाजगी, असं काही.

"का म्हणजे? सर्व्हर माझा आहे. त्यात कोण शिरणार हे ते पोरगं ठरवणार?" दोन पायऱ्या उतरून ते वळले. "आणि हो म्हणायला एवढा वेळ लावतात? वर शेपूट कशाला जोडलंस? खोटं थोडक्यात बोलावं."

दुपारी दादा पाण्याच्या रिकाम्या कूलरपाशी भेटले. इकडे तिकडे बघून म्हणाले, "सगळ्यांचे मेल बघणारेत म्हणं?"

"नाय बघता येत त्यांना."

"व्हय?"

"व्हय, दादा."

ते तिथंच जिन्याच्या पायरीवर बसले आणि बराच वेळ दोन्ही हातांनी तोंड पुसत राहिले.

पुढं गावकऱ्यांनीच विहिरीवर पहारा बसवला, टँकर थांबले आणि प्रकरण निवलं. धाकट्या मालकांनी मात्र मनात धरलं होतं. वर्षाच्या आत कंपनीचे मेल बाहेरच्या एका कंपनीच्या भाड्याच्या सेवेवर गेले. गळ्यात पट्टे अडकवलेली चार इंग्रजी बोलणारी मुलं आली, आणि पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्या पेट्यांचा अधिकार हसत हसत मालकांच्या हवाली केला. त्यांना कुणाची इजाजत लागली नाही. आमच्यापैकी कुणी तोंड उघडलं नाही. मीही नाही.

कोतवालांना शेंद्र्याच्या नव्या कारखान्यात प्रिंटर सांभाळायला जा म्हणाले. त्यांनी राजीनामा दिला. निरोपाला समोसे आणले होते, भिंतीवरचं घड्याळ आणलं होतं. ते जेवणाच्या सुटीतच निघून गेले होते. समोसे आम्ही खाल्ले. खरं सांगायचं तर बहुतेकांना सुटल्यासारखंच वाटलं.

गेल्या उन्हाळ्यात ते वारल्याचं दादांनी फोनवर सांगितलं. "तुझ्या त्या खडूस साहेबांचं ऐकलंस का?" अशी त्यांनी सुरुवात केली. केबिनमध्ये काय झालं ते त्यांना मी कधीच सांगितलेलं नाही.

मला कोतवाल शेवटचे दिसले ते त्याच्या आदल्या वर्षी, शहागंजात. कडक ऊन होतं, रिक्षांचे भोंगे चालले होते, आणि हे माठवाल्याच्या ढिगापाशी उकिडवे बसून एकेक माठ कानाशी धरून बोटानं वाजवत होते. अंगात साधा पांढरा शर्ट. स्वेटरशिवाय फारच लहान दिसत होते.

"चचा, माठ लेना है कि तबला बजाना है?" माठवाला वैतागला होता.

"गळके माठ ठेवतोस आणि वर मलाच विचारतोस?" एवढ्यात मी दिसले. "काय पाचोड! माठ पारखता येतो का?"

"येतो की." मी एक उचलला. त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला, वाजवला आणि बाजूला ठेवला. दुसरा उचलला, तोही बाजूला. नोकरी कुठं, लग्न झालं का, काही विचारलं नाही. कंपनीचा विषय निघाला नाही. बऱ्याच वेळानं एक माठ दोनदा वाजवून त्यांनी माझ्या हातात दिला.

"हा घे. चांगला आहे."

"आणि तुम्हाला, सर?"

"मला अजून सापडला नाय."

मी माठ मांडीवर घेऊन रिक्षात बसले. वळून पाहिलं तर ते पुन्हा ढिगावर वाकले होते, आणि माठवाला कपाळाला हात लावून त्यांच्याकडे बघत होता.